खांबाला शिव्या देण्याआधी

बरेच दिवस इकडे काही लिहिले नाही. लग्नसराई, ऊन आणि डोळ्याचे ऑपरेशन, यातच दिवस गेले. आजचा विषय जरा वेगळा आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बी.ए. माणसाने यावर लिहावे का, असा प्रश्न आमच्या घरातच विचारला गेला. मला वाटते, ज्या गोष्टीने माणूस मरू शकतो तिच्यावर बोलायला पदवीची अट नसावी. शिवाय जे लिहितो आहे ते माझ्या एका विद्यार्थ्याकडून दोन-तीन वेळा समजावून घेतले आहे. शाळेत मी त्याला समजावत होतो, आता तो मला समजावतो. असो.

तर विषय आहे वीज. खांबावरची वीज आणि आपल्या जनरेटरची वीज एकाच वायरिंगमध्ये घातली की काय होते, हा.

माझे मत आधीच सांगून टाकतो. देगलूरला व्होल्टेज कमी-जास्त झाले की पहिली शिवी खांबाला बसते, दुसरी लाईनमनला. पुष्कळदा दोष खांबावर असतोही, नाही असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात, दुकानात, कार्यालयात जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे, तिथल्या माणसाने आधी स्वतःच्या भिंतीतला न्यूट्रल बघावा. आणि चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर चालवणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणतो, मग तो माझा नातेवाईक का असेना. (आहेतच काही. वाचत असतील तर बरेच आहे.)

पुण्याकडच्या मंडळींना प्रश्न पडेल की इतके जनरेटर तुमच्याकडे आले कुठून? लोडशेडिंगचे दिवस आठवा. २००१ साली दाभोळचा प्रकल्प बंद पडला, २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास विजेचा तुटवडा असा वाढला की आमच्याकडे दिवसातून दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. दहावीच्या पोरांना मी कंदिलाच्या उजेडात निबंध तपासून दिलेले आहेत. पुण्याने २००६ साली वेगळा मार्ग काढला. तिथल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले, तेवढी वीज शहरासाठी मोकळी झाली आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून भरला. ‘पुणे मॉडेल’ म्हणत त्याला. त्यात हिशेब होता, मोजमाप होते, इंजिनियर होते. आमच्या गावात कारखाने नाहीत. मग ज्याने त्याने आपापले मॉडेल काढले! झेरॉक्सवाल्याने पेट्रोलचा छोटा जनरेटर आणला, दवाखान्याने डिझेलचा आणला, घरोघरी इन्व्हर्टर आले. जोडून कोणी दिले? जो मिस्त्री पंखा बसवायला यायचा त्यानेच.

२०१२ च्या अखेरीस जाहीर झाले की जिथे गळती कमी आणि वसुली चांगली तिथे लोडशेडिंग बंद. हळूहळू परिस्थिती सुधारली. पण तेव्हा घाईगर्दीत केलेली वायरिंगची जोडकामे भिंतीत तशीच राहिली. त्यावर दोनदा रंग दिला गेला, घरे भाड्याने गेली, मालक बदलले. आत काय जोडले आहे हे आता कोणालाच ठाऊक नाही.

या सगळ्या जोडकामांचे मूळ मिस्त्रीच्या एका वाक्यात आहे. “न्यूट्रल काय, एकच असतो ना!”

न्यूट्रल म्हणजे परतीची वाट. फेजच्या तारेतून करंट येतो, दिव्यातून, पंख्यातून काम करून न्यूट्रलने परत जातो. डीपीपासून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. कोणताही फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट, आणि दोन फेजच्या तारांमध्ये साधारण ४००. तुमचे घर एका फेजवर, शेजाऱ्याचे दुसऱ्या फेजवर, पण परतीची वाट दोघांची एकच. ती वाट घट्ट जोडलेली आहे तोवर सगळे गुण्यागोविंदाने चालते.

आता समजा ती खांबावर किंवा मेन स्विचमध्ये सैल झाली किंवा तुटली. मग तुमचे घर आणि शेजाऱ्याचे घर ४०० व्होल्टच्या मध्ये एकामागे एक ओवले जाते. शेजारीण एक हजार वॉटची इस्त्री करते आहे आणि तुमच्याकडे फक्त शंभर वॉटचा टीव्ही चालू आहे. गणित करून पाहिले (सातवीच्या अपूर्णांकांइतकेच आहे): टीव्हीच्या वाट्याला ३६४ व्होल्ट आणि इस्त्रीच्या वाट्याला ३६. म्हणजे ज्याने कमी वापरले त्याचे जळाले! तिकडे शेजारीण म्हणते व्होल्टेजच नाही, इकडे तुम्ही म्हणता व्होल्टेज फार आले, आणि दोघेही खरे बोलता. एकाच घरात काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसले, आणि घरात तीन फेजचे कनेक्शन असेल, तर स्टॅबिलायझर आणायला बाजारात जाऊ नका. मेन बंद करा आणि न्यूट्रल बघायला माणूस बोलवा. स्टॅबिलायझर विकणाऱ्यांचे मात्र आमच्या गावात फार बरे चालले आहे.

हा झाला साधा न्यूट्रल. त्यात जनरेटरचा न्यूट्रल नेऊन बांधला की खरी गंमत सुरू होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात इथल्याच एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. हॉलचे दिवे-पंखे खांबाच्या लाईटवर आणि बाहेरचा मंडप, रोषणाई, डीजे सगळे जनरेटरवर, अशी विभागणी. दोन्ही एकाच वेळी चालू. जेवणाच्या पंगती बसल्या आणि हॉलमधले दिवे श्वास घेतल्यासारखे व्हायला लागले. प्रकाश फुगायचा, मंद व्हायचा, पुन्हा फुगायचा. पंख्यांचा आवाजही तसाच. मुलीकडची मंडळी खांबाच्या नावाने बोटे मोडत होती. एकाने सबस्टेशनला फोनही लावला. तिथला माणूस म्हणाला, “इकडे तर बरोबर आहे.” त्यावरून त्याचीही आई-बहीण निघाली.

माझा तो विद्यार्थी माझ्याच पंगतीला होता. पूर्वी वीज कंपनीत कंत्राटी लाईनमन होता, आता खाजगी कामे करतो. त्याने जेवता जेवता दिव्याकडे बघितले, घड्याळाकडे बघितले आणि म्हणाला, “सर, सेकंदाला एकदा व्हायलंय. लाईटचं व्होल्टेज असं ठेक्यात नसतं हालत.” हात धुऊन तो जनरेटरकडे गेला आणि दोन मिनिटांसाठी तो बंद करायला लावला. डीजे थांबला (त्याबद्दल मी मनातल्या मनात आभार मानले) आणि हॉलमधले दिवे एकदम शांत. जनरेटर चालू केला, पुन्हा श्वास सुरू.

आता हे का होते ते मला त्याने टाळ-पखवाजाच्या भाषेत सांगितले, कारण देगलूरच्या माणसाला धुंडा महाराजांच्या गावचा म्हणून ती भाषा लवकर कळते. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. खांबावरच्या विजेचा ठेका साऱ्या देशात एकच असतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली, तेव्हापासून तर काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका आहे. जनरेटरचा ठेका मात्र त्याच्या इंजिनावर. छोटे जनरेटर मिनिटाला तीन हजार फेरे मारतात तेव्हा पन्नास हेलकावे होतात. लोड कमी असेल तर इंजिन थोडे जास्त पळते, पन्नासचे एक्कावन्न होतात. लोड पडला की दमते, पुन्हा सावरते. दोन दिंड्या शेजारून चालल्या आहेत, एकीचा ठेका पन्नास, दुसरीचा एक्कावन्न. सेकंदातून एकदा दोघींचे टाळ एका वेळी पडणार, एकदा एकमेकांच्या विरुद्ध. तसेच दोघांची परतीची वाट एकच तार असेल, तर त्या तारेत कधी दोन्ही करंट एकाच दिशेने धावतात, कधी एकमेकांना खोडतात. ती तार लांब, बारीक आणि जुनी असली की तिच्यातच व्होल्टेज खर्च होते, आणि ते सेकंदाला एकदा कमी-जास्त होते. म्हणून दिवे श्वास घेतात.

मला यातली एक गोष्ट विलक्षण वाटली. देशाच्या दोन ग्रीड जोडायच्या तर मोठमोठे इंजिनियर ठेका जुळेपर्यंत थांबतात, जुळला की मगच स्विच टाकतात. आणि आमचा मिस्त्री पक्कड घेऊन दोन तारांना पीळ देतो आणि वर टेप गुंडाळतो!

त्याने टाँग टेस्टर आणून न्यूट्रलला लावला. ती तार ज्या फेजची परतीची वाट म्हणून घातली होती त्या फेजपेक्षा तिच्यात करंट जास्त. हात लावून बघितले तर पाईप चांगलाच तापलेला. वर छताला कापडी सजावट, खाली चारशे-पाचशे माणसे जेवायला बसलेली. फेजला एमसीबी असतो, जास्त करंट झाला की पडतो. न्यूट्रलला राखण नसते. ती तार गुपचूप तापत राहते. त्याने मंडपाचे दिवे हॉलच्या न्यूट्रलवरून काढले आणि जनरेटरपासून वेगळी दोन पदरी केबल ओढली. अर्ध्या तासाचे काम. पंगती चालूच होत्या, कोणाला कळलेही नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर हाच आजार वेगळ्या रूपात दिसतो. अर्धे दिवे इन्व्हर्टरवर, अर्धे लाईटवर, न्यूट्रल सगळ्यांचा एक. मग ज्यांनी शहाणपणाने गळतीचा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवलेला असतो तो सारखा पडतो, कारण एका वाटेने गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परत येतो आणि स्विचला वाटते की करंट कुठेतरी गळतो आहे. मग लोक काय करतात? तो स्विचच काढून टाकतात! वॉचमन भुंकतो म्हणून त्यालाच हाकलण्यासारखे... वॉचमन भुंकत नाही, कुत्रा भुंकतो, पण मुद्दा कळला असेल.

तपासायची पद्धत अगदी साधी आहे आणि तारेला हात न लावता करता येते. तक्रार कधी होते ते वहीत लिहून ठेवायचे. जनरेटर बंद असतानाही दिवे हलतात का? शेजाऱ्याकडे त्याच वेळी हलतात का? शेजाऱ्याकडेही हलत असतील तर दोष बाहेरचा, खुशाल तक्रार करा. फक्त तुमच्याकडेच, आणि जनरेटर चालू असतानाच हलत असतील, तर दोष भिंतीत आहे. फ्रिज किंवा पाण्याची मोटार सुरू होताना जनरेटरवरचे दिवे क्षणभर दबले आणि सावरले तर तो इंजिनाचा स्वभाव आहे, न्यूट्रलचा दोष नव्हे. आमच्या भागात आणखी एक प्रकार असतो. शेतीच्या फीडरवर लाईट आली की ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि व्होल्टेज पार खाली बसते. तेही खांबाचे पाप नाही, आपल्याच शंभर जणांचे आहे. पुढचे काम मात्र परवाना असलेल्या माणसानेच करायचे. टेस्टरवर फार विश्वास ठेवू नये. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा जमिनीशी जोडलेलाच नसतो, तेव्हा टेस्टर दोन्ही तारांवर मिणमिणतो आणि न्यूट्रल कोणता तेच कळत नाही.

इथपर्यंत दिवे, टीव्ही आणि मंगल कार्यालय झाले. ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे.

आमच्याकडे एक वायर मिळते, किंवा लोक घरीच करतात. दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये. झाले, सगळ्या घराला लाईट! अमेरिकेतही वादळानंतर वीज गेली की लोक हेच करतात, तिथे तिला आत्मघाती वायर असे नाव आहे. आपल्याकडे तिला नावच नाही, इतकी ती सवयीची. मेन स्विच खाली केला असेल तर वीज घरातच राहते. पण ते सगळे घरातल्या माणसाच्या आठवणीवर. विसरला, किंवा पोराने वर केला, की ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. डीपी म्हणजे ११ हजार व्होल्टचे कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरला सुलट-उलट काही नसते. खालून २३० घातले तर वर काही हजार व्होल्ट निघतात.

लोक म्हणतात, एवढ्याशा जनरेटरने सगळ्या गल्लीचा लोड कसा उचलेल, तो बंदच पडेल की. कधी पडतोही. पण लाईनमन काम करताना आधी काय करतो? डीपीचे फ्यूज काढतो किंवा लाईन तोडतो. मग त्या तुकड्यावर दोन-चार घरेच उरतात आणि तेवढ्यांना जनरेटर आरामात पुरतो. म्हणजे लाईनमनने आपल्या जिवासाठी जी काळजी घेतली, तिच्यामुळेच आपली वीज त्याच्यासाठी जिवंत राहते.

माझ्या विद्यार्थ्याच्या डाव्या हाताची दोन बोटे आजही वाकत नाहीत. कंत्राटी असताना, अवकाळी पावसात तार तुटली म्हणून तो खांबावर चढला होता. परमिट घेतले होते, लाईन बंद असल्याची खात्री सबस्टेशनने दिली होती. तिघे मिळून एकच अर्थिंग रॉड होता आणि तो दुसऱ्या गावाला गेला होता. रॉड असता तर तार आधी जमिनीशी जोडली असती. ही हेळसांड आहेच, आणि ज्यांनी तीन माणसांत एक रॉड दिला त्यांना मी सोडणार नाही. पण ती तार जिवंत केली कोणी? खालच्या एका दुकानातल्या जनरेटरने. दुकानदार वाईट माणूस नव्हे. दवाखान्यात बघायला आला होता, नारळपाणी आणले होते. त्याला आजही नीट पटलेले नाही की आपल्या दुकानाच्या सॉकेटमधून वीज खांबावर गेली. “लाईट तर गेलेली होती,” असेच म्हणतो.

चेंजओव्हर स्विच याच्यासाठीच असतो. दांडा वर, खांबाची लाईट. दांडा खाली, जनरेटर. दोन्ही एकदम होणे त्याच्या रचनेतच बसत नाही, कोणाच्या आठवणीवर काही सोडलेले नसते. सिंगल फेज घराला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा घ्यायचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो आणि वर सांगितलेले निम्मे रोग तिथेच संपतात. तीन पोलचा स्वस्त पडतो म्हणून लोक तोच घेतात आणि न्यूट्रल पुन्हा एकच राहतो. चौथ्या पोलचे पैसे वाचवणारा माणूस त्याच लग्नात चार प्रकारची आईस्क्रीम ठेवतो. माझे काही आईस्क्रीमशी वाकडे नाही.

काही जण म्हणतील, गुरुजी, आता लोडशेडिंग कुठे आहे, जुने उगाळताय. लोडशेडिंग पूर्वीसारखे नाही हे खरे. पण वादळवाऱ्यात लाईट जातेच, आणि कार्यालये, दवाखाने, थंड पेयांची दुकाने यांचे जनरेटर गेलेले नाहीत. (मदनूरकडची आमची सोयरी मंडळी १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास वीज म्हणून आम्हाला हिणवतात. पण त्यांच्याकडच्या कार्यालयांतही मी जनरेटर पाहिलेले आहेत.) आणि आता त्यात सौर पॅनेल आले. २०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीतही गच्च्या निळ्या झाल्या. ग्रीडला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाईट गेली की आपोआप बंद होतो. लोक तक्रार करतात की ऊन असून उपयोग काय! अहो, तो लाईनमनसाठीच बंद होतो. कंपनीने यंत्रात घातलेली अक्कल आहे ती. पण त्याच वायरिंगला कोणी जनरेटर लावला तर इन्व्हर्टरला वाटते की लाईट आली, आणि तो आपली वीज त्यात ढकलू लागतो. छोट्या जनरेटरला ते सोसत नाही, त्याचा ठेका पार बिघडतो आणि घरातले सामान जळू शकते. पॅनेल बसवायला येणाऱ्याला घरात जनरेटर असल्याचे आधी सांगा, तो विचारणार नाही.

त्या मंगल कार्यालयाच्या मालकाने यंदा चार पोलचा चेंजओव्हर बसवला, मी स्वतः जाऊन दांडा बघून आलो. विद्यार्थ्याने त्या दुकानदाराकडेही बसवून दिला, स्वतःच्या हाताने, मजुरी न घेता. मी विचारले, “का रे, फुकट का?” तर म्हणाला, “सर, त्या खांबावर अजून पोरं चढायलेत.”

पुढच्या आठवड्यात भाच्याच्या मुलीचे लग्न उदगीरला आहे. काल तिथल्या कार्यालयाच्या मालकाला फोन करून विचारले, जनरेटरचा न्यूट्रल वेगळा आहे का. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मुलीकडचे का मुलाकडचे?” मी म्हटले, मुलीकडचा, पण हे दोन्हीकडच्यांसाठी विचारतो आहे. मिस्त्रीला विचारून कळवतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही. उद्या सकाळी पुन्हा लावणार आहे.